मदत हवी आहे: 'सेल'साठी 'पेशी' कधीपासून?

सोलापुरात आठवीला विज्ञान शिकवते. लॅटिन 'सेला' म्हणजे छोटी खोली. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना 'सेल' म्हटलं. वर्गात तेलुगू मुलं 'कणम्' सांगतात, कन्नड 'जीवकोश', उर्दूवाली 'ख़लिया'. याचा मूळ अरबी अर्थ मधमाश्यांचं पोळं, किती नेमका! हिंदीत 'कोशिका'.

अडते ती आपल्या 'पेशी'वर. संस्कृतात तो मांसाचा गोळा, हिंदीत 'मांसपेशी' म्हणजे आपला स्नायू. मुलं गोंधळतात.

परिभाषा कोश चाळले, तिथे नुसता प्रतिशब्द मिळतो. व्युत्पत्ती नको, ती सापडली आहे. ऐकीव माहितीही नको, वर्गात सांगायचं आहे. 'सेल' या अर्थी 'पेशी' सर्वांत आधी कोणत्या मराठी पुस्तकात छापला गेला, आणि कोणत्या साली?