हेलेना झेंगेलबद्दल माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी, बर्लिनच्या अभिनेत्री हेलेना झेंगेलचा 'सिस्टमस्प्रेंगर' (2019) हा जर्मन चित्रपट परवा पाहिला आणि अजून डोक्यातून जात नाही. आईशिवाय कुणी चेहऱ्याला हात लावला की बेभान होणारी ती 9 वर्षांची बेनी! या भूमिकेसाठी तिला 2020 चा जर्मन चित्रपट पुरस्कार मिळाला. मग टॉम हँक्ससोबत 'न्यूज ऑफ द वर्ल्ड', त्यात ती कायोवा (अमेरिकेतल्या एका मूळनिवासी जमातीची) भाषा बोलते. गोल्डन ग्लोबचं नामांकनही मिळालं.

मी मुलांची नाटकं बसवते, म्हणून विचारते. इतका राग, इतकी किंकाळी लहान मुलाकडून त्याला त्रास न होता कशी काढून घेतात? तिच्या तयारीबद्दलची जर्मन मुलाखत कुणी ऐकली आहे का? जर्मनीतल्या मराठी मंडळींनी थोडक्यात सांगितलं तरी फार मदत होईल.