प्रतिसाद: वाळवंटातलं पडकं ठाणं आणि खाली गुप्त तळ

'उपग्रहांच्या काळात वाळवंटातल्या मोडक्या ठाण्याखाली काही लपवणं अशक्य' असं वर एका प्रतिसादात म्हटलंय, ते काही पटलं नाही. राजस्थानच्या वाळवंटातलं पोखरण, आपल्या अणुचाचण्यांची जागा, विसरलात का राव? 1995 मध्ये अमेरिकन उपग्रहांनी चाचणीची तयारी टिपली आणि आपल्याला माघार घ्यावी लागली, हे खरं. पण 1998 च्या चाचण्यांच्या वेळी त्यांना पत्ताही लागला नाही. खोदकाम रात्री. उजाडायच्या आत यंत्रं जिथल्या तिथे परत. उपसलेली वाळूसुद्धा वाऱ्याच्या दिशेने रचायची, म्हणजे वरून नेहमीची टेकाडंच दिसणार! खाली दीडशे-दोनशे मीटर खोल विवरं, नावं 'ताजमहाल', 'व्हाइट हाऊस', 'कुंभकर्ण'. शास्त्रज्ञ लष्करी वेशात. कलामसाहेब म्हणे 'मेजर जनरल पृथ्वीराज'.

आणि बॉम्बचा माल गेला कुठून, तर आपल्या खाडीपलीकडून. वाशीच्या पुलावरून लोकलमध्ये ट्रॉम्बेची टेकडी दिसते ना, तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून. आधी ट्रक, मग मुंबईहून विमानाने जैसलमेर. 11 मेला स्फोट होईपर्यंत कुठे वाच्यता नाही.

आमच्या सोसायटीत टाकीसाठी खड्डा खणला, तर संध्याकाळपर्यंत नेरूळच्या मावशीचा फोन, "काय रे, काय निघालं?"