सल्ला हवा: स्वादुपिंडाच्या सुजेनंतर जठरामागे झालेली गाठ मिरजेतच दुर्बिणीने काढावी की पुण्याला न्यावं?

द्राक्षबाग_तासगाव:
थोरल्या भावाला पाच आठवड्यांपूर्वी पित्ताच्या खड्यामुळे स्वादुपिंडाला जोराची सूज आली. अकरा दिवस आयसीयूत होता. आता घरी आहे, पण चार घास खाल्ले की पोट तट्ट होतं, उलटी होते. परवापासून रोज संध्याकाळी ताप. सीटी स्कॅनमध्ये जठरामागे १२ सेंटीमीटरची गाठ दिसते, आत पाणी आणि मेलेला भाग. मिरजेचे डॉक्टर तोंडातून दुर्बीण घालून जठरात वाट करू म्हणतात. वहिनी म्हणते, पोट उघडून एकदाच साफ करा. पाहुणे म्हणतात, पुण्याला न्या. कुणाच्या घरी हे झालंय का?

पलूसची_लेक:
दादा, आधी डॉक्टरांना तापाचं कळवा, आत्ताच. बाकीचं नंतर वाचा.

आमच्या आप्पांना तिसऱ्याच आठवड्यात एका दवाखान्यात ऑपरेशन सांगितलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी थांबवलं. गाठीभोवती जाड भिंत धरायला साधारण चार आठवडे लागतात, त्याआधी हात घातला तर धोका जास्त. तोवर अँटिबायोटिक आणि नाकातल्या नळीने पातळ अन्न. ते दिवस फार वाईट गेले, वजन उतरून माणूस ओळखू येईना. सहाव्या आठवड्यात दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने रक्तवाहिन्या चुकवून जठरातून गाठीत जाळीचा स्टेंट बसवला, डमरूसारखा, दोन्हीकडे रुंद. पाणी जठरात उतरलं, ताप दोन दिवसांत गेला. मेलेला भाग मात्र आपोआप निघाला नाही. त्याच वाटेने आत जाऊन दोनदा ओढून काढावा लागला. एका बैठकीत संपेल असं धरू नका.

ओटी_सिस्टर_मिरज:
वहिनींना सांगा, पोट उघडणं आता शेवटचा उपाय आहे. नेदरलँड्समधला ८८ रुग्णांचा अभ्यास २०१० साली आला. थेट पोट उघडलेल्यांत मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत ६९ टक्क्यांत झाली, आधी गाठीत नळी घालून पाणी काढायचं आणि लागलंच तर पुढचं, असं केलेल्यांत ४० टक्क्यांत. नळी घातलेल्यांपैकी ३५ टक्के तेवढ्यावरच सुटले.

पुणे की मिरज, हे गावावरून ठरवू नका. डॉक्टरांना विचारा: अशा किती केसेस केल्यात? मध्यरात्री रक्तस्राव झाला तर कॅथेटरने रक्तवाहिनी बंद करणारे रेडिओलॉजिस्ट इथे आहेत का? सर्जन सोबत आहेत का? तिन्ही उत्तरं नीट मिळाली तर तापातल्या माणसाला घेऊन चार-पाच तासांचा प्रवास कशाला? एका जरी प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर मात्र अ‍ॅम्ब्युलन्स करून हलवा.

द्राक्षबाग_तासगाव:
ताई, सिस्टर, रात्रीच ॲडमिट केलं. तिन्ही प्रश्न विचारले. रेडिओलॉजिस्ट सांगलीहून वीस मिनिटांत येतात म्हणाले. परवा स्टेंट. वहिनीलाही पटलं.

पलूसची_लेक:
बरं झालं. एक राहिलं: जाळी काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहूनच घ्या, साधारण तीन-चार आठवड्यांची. बरं वाटायला लागलं की माणसं परत जात नाहीत, आणि गाठ आवळली की तीच जाळी आत रुतून रक्त येऊ शकतं. आणि पित्ताशय कधी काढायचं तेही विचारा. खडे तिथेच आहेत अजून.