किंमत आणि नगांची शाब्दिक उदाहरणे : समीकरण मांडताना नेमके कोठे चुकते?

प्रश्न

तयार समीकरण समोर आले तर ते मला सोडवता येते. वर्गसमीकरणाचे अवयव पाडणे किंवा एकसामयिक समीकरणांतून एका चलाचा लोप करणे यांत फारशी अडचण येत नाही. अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. कालच्या सरावातील उदाहरण असे होते : दोन प्रकारची मिळून 50 तिकिटे विकली गेली, मोठ्यांच्या तिकिटाचा दर 40 आणि मुलांच्या तिकिटाचा दर 25 होता, आणि एकूण 1550 जमा झाले, तर प्रत्येक प्रकारची तिकिटे किती? मी "क्ष = मोठे, य = मुले" असे लिहिले आणि पहिले समीकरण क्ष + य = 50, तर दुसरे क्ष + य = 1550 असे मांडले. दोन्ही ठिकाणी "एकूण" आहे म्हणून दोन्हीकडे बेरीज केली. हे अशक्य आहे हे दिसते, पण विचार कोठे घसरला ते कळत नाही.

पहिला प्रतिसाद

घसरण पहिल्याच ओळीत झाली आहे. "क्ष = मोठे" हे वाक्य अर्धवट आहे. मोठ्यांचे काय? त्यांच्या तिकिटांची संख्या, एका तिकिटाचा दर, की त्यांच्याकडून जमा झालेली रक्कम? ते न ठरवल्यामुळे पहिल्या समीकरणात क्ष ही संख्या होती आणि दुसऱ्यात तोच क्ष नकळत रक्कम झाला. कंटाळा न करता पूर्ण वाक्य लिहावे : "मोठ्यांची विकली गेलेली तिकिटे क्ष मानू." मग त्यांची रक्कम 40क्ष होते, कारण दर गुणिले नग म्हणजे रक्कम, आणि दुसरे समीकरण 40क्ष + 25य = 1550 असे आपोआप उभे राहते.

मांडणी झाल्यावर प्रत्येक पदाचे एकक पाहण्याची सवय लावावी. पहिल्या समीकरणातील तिन्ही पदे तिकिटे आहेत, दुसऱ्यातील तिन्ही पदे रक्कम आहेत. 40क्ष + य असे काही दिसले, तर पुढे सोडवत बसण्यात अर्थ नाही.

य = 50 − क्ष ठेवल्यास 1250 + 15क्ष = 1550, म्हणून क्ष = 20 आणि य = 30. यातील 1250 आणि 15 यांच्याकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. सगळी 50 तिकिटे मुलांचीच असती तर 1250 जमा झाले असते. 300 जास्त आले, आणि मुलांच्या एका तिकिटाऐवजी मोठ्यांचे एक तिकीट विकले की 15 वाढतात. म्हणजे बीजगणिताने तोंडी हिशेबच लिहून काढला आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात याच मुळाची आणखी एक चूक जोडतो. "मुलांची तिकिटे मोठ्यांच्या तिकिटांच्या तिप्पट आहेत" हे वाक्य अनेकजण वाचता वाचता 3य = क्ष असे लिहितात. क्ष = 10 मानून पाहा : मुलांची तिकिटे 30 हवीत, म्हणून य = 3क्ष हेच बरोबर. क्लेमेंट, लॉकहेड आणि मंक या अमेरिकी संशोधकांनी 1981 मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्या संख्येविषयीच्या अशाच एका वाक्यावर लिहिले होते, आणि ही उलटापालट अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडूनही होते असे त्यांना आढळले. अक्षर हे वस्तूचे लघुरूप समजले की असे होते. आपल्या जुन्या गणितींनी अव्यक्त राशीला "यावत्तावत्", म्हणजे "जितके तितके", हे नाव दिले होते. 12व्या शतकातील भास्कराचार्यही तेच वापरतात. त्या नावातच संख्या आहे, वस्तू नाही.

प्रश्नकर्ती

तिकिटांचे उदाहरण आता स्पष्ट झाले. पण ज्यात दर आणि नग दोन्ही अज्ञात असतात, तेथे काय करावे? उदाहरणार्थ : काही नग 360 ला घेतले, दर नगामागे 3 कमी असता, तर तेवढ्याच रकमेत 4 नग जास्त आले असते.

पहिला प्रतिसाद देणारे

येथे दोन प्रसंग आहेत, एक घडलेला आणि एक "असता तर"चा, आणि ते कागदावर वेगळे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. घडलेल्या प्रसंगात दर क्ष, म्हणून नग 360/क्ष. कल्पिलेल्या प्रसंगात दर क्ष − 3, म्हणून नग 360/(क्ष − 3). आता "4 नग जास्त" या शब्दांवर बोट ठेवा. तुलना नगांची आहे, म्हणून समीकरण नगांचेच होईल :

360/(क्ष − 3) − 360/क्ष = 4

मोठ्या संख्येतून लहान वजा केली आहे; दर कमी तेथे नग जास्त, एवढे ध्यानात ठेवले की चिन्ह चुकत नाही. छेद काढून टाकल्यास क्ष(क्ष − 3) = 270, म्हणून क्ष = 18 किंवा −15. दर ऋण नसतो, म्हणून 18. ताळा मात्र समीकरणात नव्हे, मूळ वाक्यात घ्यावा, कारण चुकीच्या समीकरणाचे उत्तर त्या समीकरणाला बिनचूक जुळतेच : 18 दराने 20 नग, 15 दराने 24 नग, दोन्ही वेळा 360.

प्रश्नकर्ती

नगांची संख्या क्ष मानून पुन्हा करून पाहिले. 360/क्ष − 360/(क्ष + 4) = 3, त्यावरून क्ष(क्ष + 4) = 480, आणि क्ष = 20 किंवा −24. ऋण उत्तर सोडून दिले, पण एक गोष्ट लक्षात आली : आधीचे −15 आणि आताचे −24 यांची चिन्हे काढली, तर ते कल्पिलेल्या प्रसंगातील दर आणि नगच आहेत.