वळीव वाऱ्याच्या उलट दिशेने कसा चालतो?

ढगवेडा_मिरज
शाळेत असल्यापासून मला ढगांचं वेड आहे. आमच्या गच्चीवरून पूर्वेकडे दंडोबाचा डोंगर दिसतो. एप्रिलच्या शेवटापासून दुपारी तीननंतर त्याच्या मागूनच ढग वर येतात. फुलकोबीसारखे फुगत जातात आणि मग माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो. दोन वर्षं रोज फोटो काढतोय. एक गोष्ट मात्र उलगडत नाही. दिवसभर वारा पश्चिमेचा असतो, दोरीवरचे कपडे पूर्वेकडे उडत असतात. वळीव मात्र त्याच वाऱ्याच्या तोंडावर चाल करून येतो. हे कसं? मॉन्सूनवर भरपूर वाचायला मिळतं, वळवावर फारसं कुणी लिहीत नाही.

सोलापूरकर
तुम्ही जमिनीवरचा वारा बघताय. ढग बारा-बारा किलोमीटर उंच असतो. मधल्या थरातला, म्हणजे ३ ते ५ किलोमीटर उंचीवरचा वारा बघा, ढग त्याच्या सोबतीनं चालतो. पुणे, पणजी, नागपूर इथून रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास फुगे सोडतात, ते हाच वारा मोजायला.

बेदाणा_कवठेमहांकाळ
सोलापूरकरांचं बरोबर आहे, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही.

आमच्या बेदाण्याच्या शेडा आहेत. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीवर टाकली, की पुढचे बारा-पंधरा दिवस सगळं आभाळाच्या हातात. भिजला की बेदाणा काळा पडतो, सौद्यात त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. शेडचे पडदे सोडायला चार माणसांना वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं आधी कळावीत म्हणून मी २००६ पासून वही ठेवलीय.

शेडच्या टोकाला बांबूवर जुन्या साडीची चिंधी बांधलीय. वळवाच्या दिवशी दुपारभर ती जतकडे, म्हणजे पूर्वेला फडफडते. साडेतीन-चारच्या सुमारास एकदम लोंबते. पान हलत नाही, शेजारच्या वस्तीवरचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. तेवढ्यात मी माणसांना हाक मारतो. दहा-पंधरा मिनिटांत चिंधी उलटी, पश्चिमेला ताठ होते आणि गार झोत अंगावर येतो. आधी धूळ, मागून टपोरे थेंब. मे महिन्यातली माझी एक नोंद आहे: ४०.५ अंशांवरून २६ वर, अठरा मिनिटांत.

हा गार झोत ढगातूनच येतो. वरून पडणारा पाऊस कोरड्या हवेतून येताना निम्मा-अर्धा वाटेतच वाळतो. वाळताना हवा गार होते, गार झाली की जड होते आणि कोसळते. बादली फरशीवर उपडी केली की पाणी जसं पसरतं, तशी ती जमिनीवर पसरते आणि समोरच्या गरम, दमट हवेखाली पाचर मारते. ती हवा वर फेकली जाते आणि पुढे नवा ढग उभा राहतो. आता तुमचे कपडे उडवणारा पश्चिमेचा वारा आठवा. समुद्राचा ओलावा घाट चढवून पठारावर तोच आणतो. वळीव त्याच्यावरच पोसला जातो, म्हणून त्याच्या तोंडावर चालूनही थकत नाही.

पावसाची_वही_यवतमाळ
आमच्याकडे तर अवकाळीचं वादळ बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतं. मे महिन्यातही. मग वळीव पूर्वेचाच, हे सगळ्या महाराष्ट्राला कसं लागू होईल?

बेदाणा_कवठेमहांकाळ
लागू होत नाही, आणि हे मला फार महागात पडून कळलं.

हिवाळ्यात सगळ्यांच्याच डोक्यावर, वरच्या थरात, पश्चिमेचा वारा असतो. उन्हाळा चढेल तसा तो उत्तरेकडे सरकतो. एप्रिल संपता संपता सांगली-सोलापूरवर वरचा वारा बरेचदा पूर्वेचा झालेला असतो, तुम्ही उत्तरेला असल्यामुळे तुमच्याकडे पश्चिमेचाच राहतो. मार्चमध्ये मात्र आम्हीही तुमच्यासारखेच. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये राज्यभर इतके दिवस गारपीट झाली, तेव्हाही वर पश्चिमेचा जोरदार वारा होता.

त्याच्या पुढच्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. मी सवयीनं जतकडे तोंड करून उभा होतो. तिकडे आभाळ निळंशार. ढग आला पाठीमागून, आमच्या पश्चिमेला असलेल्या दंडोबाच्या अंगानं. अर्धेच पडदे खाली आले होते. दीड टन माल गेला. त्या दिवसापासून वहीत नवा रकाना आहे, वरच्या वाऱ्याचा. सकाळी आधी तो भरतो, मग कुठल्या बाजूला नजर ठेवायची ते ठरवतो.

सोलापूरकर
रडारवर विसंबणाऱ्यांसाठी एक. रडार २०० किलोमीटरवर असलं, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा सर्वांत खालचा किरणसुद्धा तुमच्या डोक्यावरून सुमारे ४ किलोमीटर उंचीवरून जातो. ढगाचं पोट दिसतं, त्याखालचा झोत दिसत नाही. चिंधी सोडू नका. आणि विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवा.

ढगवेडा_मिरज
काका, मीही चिंधी बांधली. सकाळी नकाशात ३ किलोमीटरवरचा वारा पूर्व-ईशान्येचा होता. काल ४ वाजून १० मिनिटांनी ती लोंबली, ४ वाजून २२ ला उलटी झाली. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत आधी ३० सेकंद मोजले, म्हणजे १० किलोमीटर. थोड्या वेळानं १२ सेकंद आले, म्हणजे ४ किलोमीटर. तेव्हा गच्ची सोडून खाली आलो. पाऊस मोजायच्या नळीत १४ मिलिमीटर पाऊस. तुमच्याकडे किती वाजता लोंबली?

बेदाणा_कवठेमहांकाळ
३ वाजून १८. तुमच्या-माझ्यात सरळ रेषेत साधारण ३० किलोमीटर, म्हणजे ताशी पस्तीसच्या आसपास चाललाय तो. पडदे ३ वाजून ४० ला खाली होते, माल कोरडा आहे. उद्यापासून इथे लोंबली की तुम्हाला कळवतो. वेळ लिहून ठेवा, आपण दोन्ही वह्या ताडून बघू.