स्टोनफ्लाय निम्फचे शरीर चपटे कसे राखावे?

गरीवाला, फोंडा
नमस्कार. हिमाचलातील तीर्थन नदीवर ब्राऊन ट्राऊट मासे धरायला जायचे ठरवले असून त्यासाठी आमिष म्हणून स्टोनफ्लाय या कीटकाच्या निम्फची (पाण्यात राहणाऱ्या पिल्लाची) नक्कल घरीच बांधत आहे. लांब दांड्याच्या आठ नंबरच्या गरीवर शिशाची तार गुंडाळून वर तपकिरी लोकर चढवतो, परंतु शरीर सुरवंटासारखे गोल होते. शेपटासाठी लावलेले दोन्ही काटे (पिसाचे ताठ तंतू) दोरा आवळताच एकमेकांना चिकटतात आणि पिसाची पट्टी पंखकोशासाठी (पाठीवरील, पंख तयार होणाऱ्या कोशासाठी) दुमडली की उभी चिरते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सांगेकर
तार गुंडाळणे हेच गोलाईचे मूळ आहे. दांड्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला तारेचा एकेक सरळ तुकडा ठेवून तो दोऱ्याने बांधावा, टोके तिरपी कापावीत म्हणजे लोकरीखाली पायरी दिसत नाही, आणि वरून वार्निश लावून ते सुकल्यावर सपाट पकडीने हलके दाबावे. शेपटासाठी गरीच्या वळणाजवळ आधी लोकरीची मोहरीएवढी गाठ करून घ्यावी. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक काटा, बाक बाहेरच्या दिशेला ठेवून, स्वतंत्रपणे बांधावा. दोरा गाठीकडे नेत आवळला की काटे आपोआप फाकतात. पट्टीवर नेलपॉलिशचा हात दिला की ती चिरत नाही.

वाळपई_ओहोळ
नेलपॉलिशबद्दल माझे मत वेगळे आहे. ते सुकल्यावर ताठ होते आणि नेमके दुमडण्याच्या जागी तडकते. चप्पल चिकटवायचा रबरी गोंद पातळ करून पट्टीच्या मागच्या बाजूला लावावा. तो सुकल्यावरही लवचिक राहतो. बाकी शेपटाची युक्ती उत्तम आहे.

नमुना म्हणून छायाचित्रापेक्षा खरा किडा पाहावा, असे सुचवतो. स्टोनफ्लायची निओपेर्ला ही प्रजाती सह्याद्रीच्या वाहत्या ओढ्यांत आढळते. अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या एखाद्या स्वच्छ ओहोळात दगड उलटून पाहिला (आणि पाहून झाल्यावर तसाच परत ठेवला), तर दोन शेपट्या, पाठीवर पंखकोशांच्या दोन जोड्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या दिसतील. मेफ्लाय या दुसऱ्या कीटकाच्या निम्फला बहुधा तीन शेपट्या असतात, पायाला एकच नखी असते आणि कल्ले पोटाच्या कडांना असतात. निओपेर्लाचे झुपकेदार कल्ले मात्र छातीखाली, पायांच्या मुळाशी असतात. म्हणून छातीच्या भागात लोकर सैल ठेवून सुईने थोडी विंचरून खाली ओढावी. पायांसाठी गावठी कोंबडीचे ठिपकेदार मऊ पीस पुरे.

गरीवाला, फोंडा
दोघांचेही आभार. शिशाऐवजी सोल्डरची तार चालेल काय?

सांगेकर
साध्या सोल्डरमध्येही बहुधा शिसे असतेच. शिसेविरहित सोल्डर मुख्यतः कथिलाचे असते. शिशाची घनता सुमारे 11.3 तर कथिलाची 7.3, त्यामुळे तार थोडी जाड घ्यावी लागेल. वजनाशी तडजोड करू नये, कारण हा किडा दगडांना धरून तळाशीच सरपटतो आणि कात टाकण्यासाठीही सरपटतच काठावर येतो. मधल्या पाण्यात तरंगत जाणारी नक्कल ट्राऊटला फारशी पटत नाही. तसेच हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राऊट धरण्यास बंदी असते, तेव्हा प्रवासाची तारीख मार्चनंतरची ठेवावी आणि तेथील मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा.