पहिला नाताळ : अडीच महिन्यांच्या लेकीकडून आईला काय द्यावं?

भुसावळचा बाबा : बायको बाळंतपणाला नंदुरबारला माहेरी. २५ डिसेंबरला चर्चनंतर लेकीच्या नावाने तिला काहीतरी द्यायचंय. जळगावात सोन्याची अंगठी बघून ठेवलीय. सासूबाई म्हणतात, साडी घ्या. गोंधळलोय.

दोन पोरांची आई : अंगठी नकोच, भाऊ. माझी बोटं बाळंतपणानंतर सुजलेली, अंगठी निम्म्यात अडकली. साबण लावून काढली. नाजूक साखळीही नको, पोरगी मुठीत धरून ओढते. पावलाचा ठसा घ्या. हाताचा घ्यायला जाल तर मूठच उघडत नाही. पोरगी झोपलेली असताना तळव्याला ओलं गेरू लावा, जाड कागद पावलावर टेकवा, लगेच पाय पुसा. मागे तारीख अन् वजन लिहा. माझ्याकडचा एक ठसा फिसकटलाय, तोच मला जास्त आवडतो.

धुळेकर मावशी : ठसा घ्या, पण त्या रात्री पोरीले तुम्हीच सांभाळा. बायकोले झोपू द्या!

भुसावळचा बाबा : अंगठी रद्द. गेरू सासूबाईंकडेच आहे म्हणे, कुंड्या रंगवून उरलेलं. साडीही घेतो, नाहीतर त्या रुसतील.